क्लाइव्ह बार्कर यांनी भयकथा खरोखरच सोडली का?

रातकिडा (धागाकर्ता)

क्लाइव्ह बार्कर यांचे 'बुक्स ऑफ ब्लड' हे सहाही कथासंग्रह मी नुकतेच ओळीने वाचून संपवले. त्यांतील पहिले तीन १९८४ साली आणि पुढचे तीन १९८५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा लेखकाने नुकतीच तिशी ओलांडली होती आणि कथाकार म्हणून त्यांचे नाव जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. अशा नवख्या माणसाकडे बोट दाखवून 'भयकथेचे भवितव्य हेच' असे स्टीफन किंग यांनी म्हणावे, याचे हे संग्रह वाचल्यावर मला मुळीच नवल वाटत नाही. 'ड्रेड' ही कथा संपवली त्या रात्री दिवा मालवायला माझा हात धजावला नाही, एवढे कबूल करतो.

पाठोपाठ त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'हेलरेझर' पाहिला आणि मग मोठ्या अपेक्षेने १९९१ सालची 'इमॅजिका' ही कादंबरी हाती घेतली. तिथे मात्र मी पुरता गोंधळलो. पृथ्वीपासून तुटलेली चार विश्वे, त्यांना पृथ्वीशी पुन्हा जोडू पाहणारा विधी, पाहणाऱ्याच्या इच्छेनुसार रूप पालटणारे एक पात्र, असे सगळे विलक्षण आहे. पण ज्या बार्करांसाठी मी पुस्तक उघडले ते त्यात कुठे आहेत, हे दोनशे पाने उलटूनही मला कळलेले नाही. भयकथेत अवघ्या दोन वर्षांत अढळ स्थान मिळवलेल्या लेखकाने तिच्याकडे पाठ का फिरवली असावी? पुढची कारकीर्द हा त्या सुरुवातीचा विस्तार मानायचा, की वाया गेलेल्या शक्यतांची कहाणी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. कथानकाचे धागेदोरे फार उघड केले नाहीत तर उपकार होतील.

अर्धविराम

आपला प्रश्न रास्त आहे, पण त्यामागचे गृहीतक मला मान्य नाही. बार्करांनी भयकथा सोडली असे म्हणण्यापूर्वी ते कधी तरी निव्वळ भयकथाकार होते का, हे पाहिले पाहिजे.

त्यांचा जन्म १९५२ सालचा, लिव्हरपूलचा. तिथल्याच विद्यापीठात त्यांनी इंग्रजी साहित्य आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. त्यानंतर लंडनमध्ये 'द डॉग कंपनी' या छोट्या नाटकमंडळीसाठी ते नाटके लिहीत आणि बसवीत होते. 'द हिस्टरी ऑफ द डेव्हिल' हे त्या काळातील नाटक, आणि त्याची कल्पनाच पाहा: सैतानावर खटला चालतो आणि सैतान आपली बाजू मांडतो. ज्याला सगळे जग भ्यायचे त्याला बोलू द्यायचे, त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे, ही वृत्ती कथासंग्रहांच्या आधीपासूनच त्यांच्यात होती, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या लेखनाची किल्लीही तीच आहे.

आता आपण नुकत्याच वाचलेल्या पहिल्या संग्रहातील 'इन द हिल्स, द सिटीज' ही कथा आठवा. तत्कालीन युगोस्लाव्हियातील दोन गावांतील हजारो माणसे दोरखंडांनी एकमेकांना बांधून घेतात. त्यांच्या देहांचे दोन प्रचंड पुतळे उभे राहतात, आणि हे महाकाय एकमेकांशी झुंजायला निघतात. या कथेत रक्त आहे, मरण आहे, वेडही आहे, परंतु वाचकाच्या मनात शेवटी उरते ते केवळ भय नव्हे. दरीतून चालत येणारे ते नगर पाहून थक्क होणे आणि घाबरणे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या करताच येत नाहीत, आणि कथेतील एका प्रवाशाला तर त्या महाकायाच्या अंगावर चढून त्याचाच भाग व्हावेसे वाटते. आपण 'इमॅजिका'मध्ये ज्याला अद्भुत म्हणता आहात ते इथे, १९८४ सालीच, पूर्ण रूपात उभे आहे. फरक असेल तर पानांच्या संख्येचा. या संग्रहांना १९८५ साली पुरस्कार मिळाला तोही 'वर्ल्ड फँटसी' या नावाचा, हा योगायोग मला बोलका वाटतो.

मग १९८५ मध्ये 'द डॅम्नेशन गेम' ही पहिली कादंबरी आली. उद्ध्वस्त वॉर्सामधील पत्त्यांच्या एका डावापासून सुरू होणारी ही सैतानाशी केलेल्या कराराची गोष्ट. ही त्यांची सर्वांत सरळ भयकादंबरी म्हणता येईल, आणि मला ती सर्वांत उसनीही वाटते, जणू बाजारात भयकादंबरी जशी असायला हवी होती तशी त्यांनी ती एकदा लिहून दाखवली. १९८७ सालच्या 'वीव्हवर्ल्ड'मध्ये ते त्या साच्यातून बाहेर पडले. लिव्हरपूलमधील एक तरुण आपल्या वडिलांच्या निसटलेल्या कबुतरामागे धावतो आणि एका जुन्या गालिच्यापाशी पोहोचतो. त्या गालिच्यात एक आख्खा प्रदेश, त्यातील माणसांसह, विणून लपवलेला आहे. कबुतराच्या मागे जाता जाता दुसरे जग सापडावे, इतकी साधी ही सुरुवात आहे. इथे घाबरवणाऱ्या गोष्टींची वाण नाही, पण त्या कादंबरीच्या केंद्रस्थानी नाहीत, एवढाच बदल झाला.

मी तो बदल असा समजून घेतो. बार्करांच्या कथेत नेहमी एक पडदा असतो आणि तो फाटतो. भयकथेत पलीकडचे इकडे येते आणि माणसाची धूळधाण उडते, तर अद्भुतकथेत माणूस पलीकडे जातो आणि तिथे राहू लागतो. पडदा तोच आहे, लेखकाने फक्त प्रवासाची दिशा बदलली. या दोन्हींच्या मधोमध १९८८ सालची 'कबाल' ही लघुकादंबरी उभी आहे. तिच्यात राक्षस म्हणून हाकललेल्यांची एक वस्ती आहे आणि खरा क्रूरकर्मा आहे तो एक प्रतिष्ठित मानसोपचारतज्ज्ञ. 'इमॅजिका' पुढे रेटण्याआधी ही एवढी वाचाच, फार मोठी नाही.

कातरवेळ

अर्धविराम यांचे विवेचन मला आवडले. तरीही त्यात कारकीर्द नावाची गोष्ट फारच हवेत तरंगते आहे असे वाटते. लेखकाची दिशा केवळ त्याच्या आतल्या ओढीने ठरत नाही, आणि बार्करांच्या बाबतीत तर चित्रपटसृष्टीला वगळून काहीच समजत नाही.

त्यांच्या पटकथांवरून जॉर्ज पाव्लू यांनी दोन चित्रपट केले, १९८५ मध्ये 'अंडरवर्ल्ड' आणि १९८६ मध्ये 'रॉहेड रेक्स'. दोन्हींवर बार्कर नाराज होते, आणि यापुढे आपली गोष्ट आपणच दिग्दर्शित करायची हा निश्चय त्यातूनच झाला. 'हेलरेझर' सुमारे १० लाख डॉलरच्या तुटपुंज्या खर्चात उभा राहिला, तोही पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा कोणताही अनुभव नसलेल्या दिग्दर्शकाच्या हातून. १९८७ मध्ये तो गाजला आणि डोक्यात खिळे ठोकलेला तो फिकट चेहरा जगभर पोहोचला. ती भूमिका करणारे डग ब्रॅडली हे बार्करांचे शाळेपासूनचे मित्र आणि नाटकमंडळीतील सहकारी होते, म्हणजे लिव्हरपूलच्या त्या जुन्या कंपूनेच हॉलिवूडला एक दैवत पुरवले असे गमतीने म्हणता येईल.

ज्या लघुकादंबरीवर 'हेलरेझर' बेतला, ती 'द हेलबाउंड हार्ट', १९८६ साली जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी संपादित केलेल्या एका संकलनात प्रथम आली होती. ती वाचली तर हे खिळ्यांचे पात्र त्यात जेमतेम डोकावते, त्याला नावदेखील नाही. चित्रपटाने मात्र त्यालाच मध्यभागी आणले, आणि पुढे लेखकाचा हात नसताना त्याचे एकामागून एक भाग निघत राहिले, त्यांतले शेवटचे काही तर सरळ घरी पाहण्यासाठीच बाजारात सोडलेले. आपल्याच निर्मितीचे असे व्हावे आणि आपण बाजूला उभे राहून पाहावे, याचा लेखकाच्या मनावर काय परिणाम होत असेल? भयकथेपासून ते दूर गेले यात या अनुभवाचा वाटा नाही असे मी मानू शकत नाही.

'कबाल'वरून त्यांनी स्वतः केलेल्या 'नाइटब्रीड'ची कथा तर आणखी दुःखद आहे. १९९० साली निर्मात्यांनी त्याची काटछाट केली आणि राक्षसांची बाजू घेणारा तो चित्रपट नेहमीचा खुनशीपट असल्यासारखी त्याची जाहिरात केली. जो प्रेक्षक आला त्याला हवे ते मिळाले नाही आणि ज्याला हवे होते तो आलाच नाही. दिग्दर्शकाच्या मनातील रूपाजवळ जाणारी आवृत्ती निघायला २०१४ साल उजाडले. दोन चित्रपटांनंतर १९९५ मध्ये 'लॉर्ड ऑफ इल्यूजन्स' झाला, आणि दिग्दर्शनाचा तो विषय तिथेच संपला. विरोधाभास असा की त्यांच्या कथेवरचा सर्वांत चांगला चित्रपट दुसऱ्याने केला. 'द फॉरबिडन' या कथेतील इंग्लंडची बकाल वसाहत बर्नार्ड रोझ यांनी १९९२ च्या 'कँडीमॅन'मध्ये शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या गरीब कृष्णवर्णीयांच्या वसाहतीत नेली, आणि त्या स्थलांतराने कथेला वंशभेदाचा एक अर्थ मिळाला, जो मूळ कथेत नव्हता.

तेव्हा 'वाया गेलेल्या शक्यता' हा धागाकर्त्यांचा शब्दप्रयोग मी पूर्णपणे फेटाळणार नाही. त्याला आणखी एक कारण आहे: अपुरी राहिलेली कामे. १९८९ मध्ये 'द ग्रेट अँड सीक्रेट शो' आली, १९९४ मध्ये तिचा पुढचा भाग 'एव्हरव्हिल' आला, आणि तिसऱ्या भागाची वाचक आजही वाट पाहत आहेत. ओमाहाच्या टपाल कार्यालयात पत्ता न लागलेली पत्रे फोडत बसणारा एक कारकून, त्या पत्रांतून अमेरिकेचे एक गुप्त रूप त्याच्यासमोर उलगडत जाते, अशी सुरुवात ज्याने लिहिली त्याने शेवटही लिहायला हवा होता. वाचक म्हणून माझी ही तक्रार जुनी आहे.

बोरू

वरच्या दोन्ही प्रतिसादांत बार्करांच्या कामाचा एक मोठा भाग राहून गेला आहे, आणि तो आहे चित्रकार बार्कर यांचा. ते हौसेखातर कधीमधी रेखाटणारे लेखक नाहीत. १९९२ मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या 'द थीफ ऑफ ऑल्वेज'ची चित्रे त्यांचीच आहेत. रोज चारही ऋतू अनुभवायला मिळणारे एक सुट्टीचे घर आणि त्या आनंदाची चुकती करावी लागणारी किंमत, अशी ती गोष्ट. मुलांसाठी असली तरी माझ्या दृष्टीने ती त्यांची सर्वांत नेटकी, एकही शब्द जास्त नसलेली रचना आहे.

'ॲबरॅट'च्या बाबतीत तर क्रमच उलटा झाला. आधी त्यांनी शेकड्याने तैलचित्रे रंगवली आणि त्या चित्रांतून पात्रे, बेटे आणि शेवटी कथा निघाली. दिवसाच्या प्रत्येक तासाचे एक बेट, म्हणजे २४, आणि काळाच्या हिशेबाबाहेरचे एक पंचविसावे, असा तो द्वीपसमूह आहे. एका बेटावर कायम मध्यरात्र, दुसऱ्यावर कायम दुपार. मिनेसोटातील एका कंटाळवाण्या गावातून पळालेली मुलगी तिथे जाऊन पोहोचते. पुस्तक बाहेर पडण्याच्या दोन वर्षे आधीच, २००० साली, डिस्नीने चित्रपटापासून मनोरंजन उद्यानापर्यंतचे हक्क सुमारे ८० लाख डॉलरना घेतले होते, पण त्यातून चित्रपट काही झाला नाही. २००२, २००४ आणि २०११ असे तीन भाग आले आणि ही मालिकाही अजून अपुरी आहे, तेव्हा कातरवेळ यांच्या तक्रारीत भर घालायला हरकत नाही.

परंतु या अपुरेपणाला केवळ चंचलपणा म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ साली दंतवैद्याकडील एका साध्या उपचारानंतर बार्करांच्या रक्तात विषबाधा पसरली, ते काही दिवस कोमात होते, आणि त्यातून सावरायला त्यांना फार काळ लागला. 'द स्कार्लेट गॉस्पेल्स' ही कादंबरी २०१५ मध्ये आली ती या आजारपणाच्या सावलीत. ती भयकथेकडे उघडपणे परतणारी आहे, कारण तिच्यात 'हेलरेझर'मधला तो खिळ्यांच्या चेहऱ्याचा नरकाचा पुरोहित आणि हॅरी डॅमूर हा जुना गुप्तहेर समोरासमोर येतात. तिचा दर्जा हा वेगळा विषय आहे. मला ती घाईची वाटली. तिच्यातील एक बाब मात्र मजेदार आहे: चाहत्यांनी दिलेले लोकप्रिय टोपणनाव त्या पुरोहिताला अजिबात खपत नाही, आणि कोणी ते उच्चारले तर त्याची खैर नसते. चित्रपटमालिकेने आपल्या पात्राचे जे केले त्यावर लेखकाने दिलेले उत्तर म्हणून मी ते वाचतो.

रातकिडा

तिघांचेही मनापासून आभार. पडद्याची आणि प्रवासाच्या दिशेची कल्पना डोक्यात ठेवून मी काल 'इमॅजिका'ची पहिली शंभर पाने पुन्हा वाचली, आणि प्रामाणिकपणे सांगतो, या वेळी ती वेगळीच वाटली. आधी मी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दचकवेल याची वाट पाहत होतो आणि त्या नादात जे घडत होते तेच निसटत होते.

दोन शंका उरल्या आहेत. अर्धविराम, आपण म्हणता तसे राक्षसाची बाजू ऐकून घेणे हा त्यांचा मूळ स्वभाव असेल, तर तो आला कुठून? आणि दुसरी शंका अगदी व्यावहारिक आहे. मी 'कबाल' शोधायला गेलो तेव्हा एका आवृत्तीत फक्त लघुकादंबरी आणि दुसरीत तिच्यासोबत चार कथा दिसल्या, ज्या मी सहाव्या संग्रहात वाचल्या आहेत. हा काय प्रकार आहे?

बोरू

व्यावहारिक शंकेचे उत्तर मी देतो. इंग्लंडमध्ये 'बुक्स ऑफ ब्लड'चे सहा भाग निघाले, पण अमेरिकेत पहिल्या तीन भागांनंतर नावे बदलली. चौथा भाग 'द इनह्यूमन कंडिशन' आणि पाचवा 'इन द फ्लेश' या नावाने आला, तर सहाव्या भागातील चार कथा 'कबाल'ला जोडण्यात आल्या. आपण सहाही भाग वाचले असल्याने नुसती लघुकादंबरी असलेली प्रत घ्यावी. 'इमॅजिका'सुद्धा पुढे दोन खंडांत विकली गेली आहे, त्यामुळे अर्धी कादंबरी पूर्ण समजून घरी आणू नये. माझ्याकडून ती चूक झालेली आहे, आणि पुस्तक असे अधांतरी संपवण्यामागे लेखकाचा काही गहन हेतू असावा, असे मी बरेच दिवस मानत होतो.

अर्धविराम

स्वभाव कुठून आला, याचे एकच कारण देता येणार नाही, पण दोन गोष्टी नोंदवतो. मे १९५६ मध्ये, बार्कर जेमतेम साडेतीन वर्षांचे असताना, लिव्हरपूलच्या विमान प्रात्यक्षिकात लेओ व्हॅलँताँ हा फ्रेंच 'पक्षीमानव' लाकडी पंख लावून विमानातून झेपावला आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत कोसळून मरण पावला. गर्दीत बार्कर कुटुंबही होते. त्या घटनेविषयी त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. माणसाला पंख फुटणे आणि माणूस आकाशातून पडणे, म्हणजे अद्भुत आणि भय, या मुलाने एकाच क्षणी पाहिले. यावरून सगळी कारकीर्द उलगडते असे मी म्हणणार नाही, तेवढे सोपे काहीच नसते. परंतु 'वीव्हवर्ल्ड'मधील आकाशाकडे तोंड करून पक्ष्यामागे धावणारा तो तरुण मला या पार्श्वभूमीवर निराळाच दिसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बार्कर समलिंगी आहेत, आणि १९९० च्या दशकात त्यांनी हे जाहीरपणे सांगितले. १९९६ सालच्या 'सॅक्रमेंट'चा नायक नामशेष होत चाललेल्या प्राण्यांची छायाचित्रे काढणारा समलिंगी छायाचित्रकार आहे, आणि एड्सने मित्र गमावण्याचे दुःख तिच्यात प्राण्यांच्या वंशनाशाच्या दुःखाशेजारी येऊन बसते. ती कादंबरी वाचल्यानंतर 'कबाल'मधील जमिनीखालच्या वस्तीकडे परत गेलो, तेव्हा समाजाने राक्षस ठरवलेल्यांचे ते गाव कोणाचे आहे, हे वेगळे सांगावे लागले नाही. 'इन द हिल्स, द सिटीज'मधील दोघे प्रवासीही एकमेकांचे प्रियकरच होते, आणि तेही १९८४ साली, कोणतीही प्रस्तावना न करता.

कातरवेळ यांच्याशी माझा मतभेद आता थोडाच उरला आहे. चित्रपटसृष्टीने त्यांना दुखावले हे खरे, पण 'वीव्हवर्ल्ड' आणि 'हेलरेझर' ही दोन्ही १९८७ सालचीच. म्हणजे चित्रपटमालिकेचे पुढचे हाल होण्याच्या आधीच त्यांनी वळण घेतले होते.

कातरवेळ

सालांचा हा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मी मान्य करतो. दूर जाण्याचे कारण म्हणून नव्हे, तर परत न येण्याचे कारण म्हणून चित्रपटांकडे पाहावे, असे मी माझे विधान दुरुस्त करतो. पुढे 'हेलरेझर'चे अमेरिकेतील हक्क कायदेशीर मार्गाने त्यांच्याकडे परत आले आणि २०२२ च्या नव्या चित्रपटाला त्यांचे नाव निर्माता म्हणून लागले, हेही नोंदवायला हवे. २०२४ मध्ये त्यांनी चाहत्यांच्या संमेलनांना जाणे थांबवून उरलेला वेळ लेखनाला देण्याचे जाहीर केले, त्यामुळे 'एव्हरव्हिल'नंतरच्या त्या तिसऱ्या भागाची माझी आशा पुन्हा पालवली आहे.

रातकिडा, आपण 'इमॅजिका' अर्धवट ठेवू नका, पण अडखळत असाल तर आधी 'कबाल', मग 'वीव्हवर्ल्ड' आणि त्यानंतर पुन्हा तिच्याकडे असा क्रम धरा. 'द डॅम्नेशन गेम' सर्वांत शेवटी वाचली तरी चालेल.